तिसरं पाणी

ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा हवेचा फलक
दसऱ्याला अठ्ठ्याऐंशीवर अडकला.
लाल उजेडाचे दोन आठ, शेजारी-शेजारी,
रात्री त्यांच्याखाली कुत्री झोपायची.

कंपनीला तीन पत्रं गेली.
माणूस आला, शिडी मागितली, शिडी नव्हती,
चहा घेऊन परत गेला.
रजिस्टरात मात्र रोजचा रकाना असतो
आणि तो भरणारा मी.

सोळा दिवस अठ्ठ्याऐंशी लिहिलं.
सतराव्या दिवशी पेनाचीच लाज वाटली.
सायकल काढली, नदीवर गेलो.

पार्बताबाई रोहणकर, आमच्या गावची वरठीण,
गुडघाभर पाण्यात उभी.
विचारलं, आज हवा कशी आहे?
तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.
हेडमास्तरांचा सदरा पिळून दगडावर टाकला,
बादलीत कोपरापर्यंत हात घातला,
"तिसऱ्या पान्यात बोटं दिसून नाही राह्यली.
लिहा."

मी लिहिलं. तिसरं पाणी, बोटं नाहीत.

कार्तिकात आमच्याकडे धुकं उठत नाही,
बसून राहतं,
आणि चिमणीचा धूर त्याच्या मांडीवर.
पहाटे वेचणीला गेलेल्या बायका
दुपारी करड्या बोटांनी भाकर मोडतात.
जिनिंगचा दिवाणजी बोंड चिमटीत धरून विचारतो,
याचा भाव पांढऱ्याचा लावू की राखेचा?
कुणी हसत नाही. तोही नाही.

पौष: चौथ्या पाण्यात बोटं, नखं नाहीत.
माघात दोन दिवस उगवतीचा वारा. नखं.
मग पुन्हा सायडिंगकडून.

फाल्गुनात पऱ्हाट्या पेटल्या,
मोहाखालचा पाला पेटला,
सारं शिवार खोकत होतं.
मी रकाना काळा करायला निघालो तर म्हणाली,
"थांबा जरा. हा धूर आपला हाये.
डोये जायते, पन कापडाले चिकटत नाही.
एका पान्यात निंगते."
शेऱ्यात काय लिहावं कळेना.
लिहिलं, धूर, ओळखीचा.

नवतप्यात धोतर वाळायला
विडा लावण्याइतकाही वेळ लागत नाही,
पण तेवढ्यात ट्रक जातो.
रेल्वेजवळचा कोळशाचा ढीग
कुणी न पेटवता आतून धुमसत असतो,
म्हाताऱ्याच्या हातातल्या विसरलेल्या बिडीसारखा.
तिनं दोऱ्या काढून घेतल्या,
कापडं घरात, चुलीवरच्या वळणीला.

वरच्या अंगाला कोळसा धुण्याचा कारखाना आहे.
"तेबी वरठीच," ती म्हणाली,
"ते कोयसा धुतेत, मी कापड.
फरक येवढाच का त्याइचं पानी
खाली माह्याकडं येते."

एकदा, इस्तरी फुंकताना मी पाहत होतो,
तिला वाटलं मी काही मनात धरलं.
"हाये ना, बाबू, माह्याबी इस्तरीत कोयसाच हाये.
पन त्याले झाकन हाये."

आषाढात कंपनीचा माणूस शिडी घेऊनच आला.
फलक सुरू झाला.
आकडे आता पळतात, चाळीस, एकशे नव्वद, सत्तर,
पोरं खाली उभी राहून पैज लावतात.
तालुक्याच्या साहेबांनी रजिस्टर चाळलं,
चष्मा कपाळावर नेला,
"बोटं नाहीत म्हणजे? कुणाची बोटं?"
मी म्हटलं, पार्बताबाईची.
त्यांनी सही केली. का केली, मला अजून माहीत नाही.

तरी मी जातो. सायकलला सवय झाली आहे.

पोळ्यानंतर तीन दिवस झड लागली होती.
चौथ्या सकाळी तिनंच पैलतीराहून हाक मारली,
एवढ्या मोठ्यानं की बगळे उडाले.
पहिलंच पाणी. बादलीत हात.
"मोजा," म्हणाली.

शेऱ्याच्या रकान्यात त्या तारखेला लिहिलं आहे:
बांगड्या सहा. हिरव्या.
एक तडकलेली.